हौसाबाईंचं माहेर

लोकांना पूर्वज हवे असतात, पण निवडून हवे असतात. मागे पुण्याहून एक गृहस्थ आले. आमचे मूळपुरुष पेशवाईत सरदार होते, असं त्यांच्या घरात सगळे सांगत आले होते. मी मिळतील तितके जुने कागद धुंडाळले. मूळपुरुष निघाले किल्ल्यावर पाणी भरणारे. गृहस्थांचा चेहरा पडला. म्हणाले, "बाई, जरा अजून मागे जाऊन बघा ना." म्हटलं, जाते की, पण तिथे सरदार उभाच असेल याची हमी नाही. ते पुन्हा फिरकले नाहीत. पाणी भरण्यात कमीपणा कसला, हे मला अजून कळलेलं नाही. एवढी माणसं गडावर राहायची, ती काय सरदाराच्या मिशा बघून तहान भागवायची?

माझी सगळी नोकरी नगर जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. लाल फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्यांना आम्ही रुमाल म्हणतो, ते फळ्यांवर छतापर्यंत रचलेले. धुळीने सर्दी कायमची. बदलीसाठी लोक साहेबांच्या पाया पडायचे, मी मात्र तिथेच चिकटून बसले, कारण खरं सांगायचं तर मला माणसांपेक्षा कागद बरे वाटायचे. कागद उलट उत्तर देत नाही. मोडी वाचायला शिकले, जुन्या नोंदी लावायला शिकले, आणि लोक मला 'रेकॉर्डच्या बाई' म्हणायला लागले. निवृत्त होऊन नगरला सावेडीत राहायला आले, तर लोक इथेही शोधत यायला लागले. कुणाला जमिनीच्या वाटपासाठी वंशावळ हवी, कुणाला जातीच्या दाखल्यासाठी. हल्ली तर जुन्या नोंदींना असा भाव आलाय की, ज्यांनी आजोबांना कधी पाणी विचारलं नाही, ते खापरपणजोबांसाठी रांगेत उभे असतात.

वंशावळ कशी लावतात, ते नवख्यांना थोडक्यात सांगते. जिवंत माणसापासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी मागे जायचं. शेतकऱ्याच्या घरात मुख्य आधार जमिनीचा. खातेदार वारला की वारसांची नावं लावायला फेरफार होतो, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद. त्यात बाप, मुलगा, भाऊ असे सगळे सापडतात. दुसरा आधार गावच्या जन्म-मरणाच्या पुस्तकाचा. आधी ते गावचा कोतवाल सांगायचा तसं लिहिलं जायचं. तिसरा शाळेच्या रजिस्टरचा. ख्रिस्ती कुटुंब असेल तर चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर असतं आणि ते फार नेटकं असतं. तिथल्या पाद्र्यांनी आईचं नाव लिहिलेलं असतं, हे बघून मला पहिल्यांदा हेवा वाटला होता. कारण आमच्या पुस्तकांत बाई शोधायची म्हणजे नाकी नऊ येतात. 'अमक्यास मुलगी झाली' एवढंच. मुलीला नाव नाही. लग्न होऊन गेली की त्या घरच्या कागदातून गेली आणि सासरच्या कागदात आली ती थेट नवरा मेल्यावर, विधवा म्हणून. मी हजारो नोंदींच्या नकला केल्या आणि त्यातल्या निम्म्या माणसांची नावं मला कधी कळली नाहीत, याचं मला वाईट वाटतं. नोकरीत असताना वाटायचं नाही, आता वाटतं.

हौसाबाई माझ्याकडे आल्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. बरोबर त्यांची मुलगी लता. लताचं शिर्डीला देवळाच्या वाटेवर फुलांचं आणि प्रसादाचं दुकान आहे. हौसाबाईंना मुलगा नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, त्या लताकडेच राहायच्या. नावं मी सगळी बदलली आहेत आणि गावाचं नाव देतच नाही, कारण माणसं नांदती आहेत.

मी सवयीने विचारलं, "जमीन कुठं आहे? वाद आहे का?"

"जमीन न्हाई, वाद न्हाई. मला माझं माहेर पायजे," हौसाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. हौसाबाई अंगावर पीत होत्या तेव्हा त्यांचे वडील वारले. आईचं वय कोवळं. तिच्या भावांनी तिचं मोहतूर लावून दिलं, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्या काळची रीत अशी की मुलगा असेल तर तो बापाच्या घरचा, त्याला कुणी नेऊ देत नसे. पिती मुलगी मात्र आईबरोबर जायची. तसा हौसाबाईंचा थोरला भाऊ शेवगावकडच्या त्या गावात चुलत्याकडे राहिला आणि हौसाबाई आईच्या कडेवर बसून राहात्याकडच्या नव्या घरी आल्या. अशा बरोबर आलेल्या पोराला आमच्याकडे 'गेलड' म्हणतात आणि हा शब्द कुणी लाडाने उच्चारत नाही. सावत्र बापाने जेवूखाऊ घातलं, लग्न लावून दिलं, पण तो गेल्यावर त्याच्या मुलांनी संबंध ठेवला नाही. आई तर कधीच गेलेली.

"मग आता या वयात माहेर कशाला?" मी विचारलं. मी अशीच विचारते. लताला राग आला, हौसाबाईंना नाही आला.

"बाई, मयतीला तुमी गेल्या असताल. बाईमानूस मेलं का माहेराहून लुगडं येतं. अंगावर ते घालून मगच उचलत्यात. कुनीतरी म्हातारा हमखास इचारतो, माहेरचं कोन हाय? मी लई मयती बघितल्या. दर वक्ताला मला वाटतं, माझ्या टायमाला हे इचारतील अन् माझी लेक खाली बघंल. बाकी मला काय नको. निरोप कुटं धाडायचा तेवढं सांगून ठिवा."

मी नोकरीत पुष्कळ अर्ज बघितले. इतक्या कमी मागणीचा एकही बघितला नव्हता.

विचारलं, वडलांचं नाव काय? माहीत नाही. आई पहिल्या नवऱ्याचं नाव घेणार कसं? नवऱ्याचं घेत नाहीत, त्यात हा पहिला, आणि घर दुसऱ्याचं. आडनाव सांगितलं, पण त्या गावात निम्म्या घरांचं तेच. भावाचं नाव मात्र हौसाबाईंनी लगेच सांगितलं. "आबा. आई आमचा आबा, आमचा आबा करायची."

म्हटलं, चला, आबा तर आबा. माझ्याच जुन्या खोलीत अर्ज देऊन बाकावर वाट बघत बसले. जिथे मी लोकांना बसवून ठेवायची, तिथे आता मला बसवत होते, आणि बाक किती टोचतो ते तेव्हा कळलं. जमिनीच्या नोंदींत त्या आडनावाचा आबा मिळाला नाही. मग गावच्या शाळेत गेले. रजिस्टरमध्ये एक आबा सापडला, वयाने जुळणारा. मी खूश. त्याचं घर शोधलं. तो वारला होता, पण त्याच्या बायकोने चहा केला, आणि बोलता बोलता म्हणाली, सासूबाई शेवटपर्यंत इथंच होत्या, मीच त्यांचं केलं. म्हणजे याची आई कुठे गेलीच नव्हती. परत येताना एसटीत मी स्वतःवरच चडफडत होते.

घरी येऊन भाकरी थापायला घेतली आणि थापता थापता आमच्याच घराची आठवण झाली. माझ्या थोरल्या भावाला आजोबांचं नाव ठेवलेलं. आजोबा गेल्यावर जन्मला म्हणून. पण आईने जन्मात त्याला त्या नावाने हाक मारली नाही. ते नाव सासऱ्याचं, सुनेने कसं घ्यायचं? ती त्याला 'भाऊ' म्हणायची. आमच्याकडे घरोघरी हेच. नातवाला आजोबाचं नाव ठेवायचं आणि आईने वेगळंच काही म्हणायचं. आता बघा, 'आबा' म्हणजे तरी काय? म्हाताऱ्या माणसाला म्हणतात ना आबा? तान्ह्या पोराला आई आबा म्हणते, ती त्याच्यात सासरा बघून. म्हणजे मी आबा नावाचा माणूस शोधत होते तेच चुकीचं होतं. मला आजोबाचं नाव लावलेला नातू शोधायला हवा होता. एवढी वर्षं वंशावळी लावून हे मला आधी सुचू नये, याचा मला इतका संताप आला की भाकरी करपली.

पुन्हा कचेरी. आता काय बघायचं ते माहीत होतं: बाप तरुणपणी गेला, मुलगा लहान, नाव आजोबाचं. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या मुलाच्या नावापुढे पालक म्हणून कुणाचं तरी नाव लावतात, इथे ते चुलत्याचं असणार. तशी एकच नोंद निघाली. सखाराम राणू मयत. वारस मुलगा राणू, अज्ञान, पालक चुलता. बायकोने मोहतूर केले सबब तिचे नाव दाखल नाही. आणि मुलगी? मुलीबद्दल अक्षर नाही. मी तो फेरफार दोनदा वाचला, उगाच, जणू तिसऱ्यांदा वाचल्यावर मुलगी उगवणार होती.

लताला फोन केला, तिने आईकडे दिला. मी म्हटलं, "हौसाबाई, तुमच्या वडलांचं नाव बहुतेक सखाराम."

मग त्या म्हणाल्या, "सखाराम." आणि थोड्या वेळाने, "बरं नाव हाय."

'बहुतेक' म्हणाले, कारण कागदावरून खात्री होत नव्हती. कागदाने एवढंच सांगितलं की असं घर होतं. हे तेच घर, असं कुणीतरी माणसाने म्हणायला हवं होतं. चौकशी केली तर राणू सखाराम हयात होते. एका सकाळी आम्ही तिघी गाडी करून गेलो.

वस्तीवरचं घर. ओट्यावर खाटेवर एक म्हातारे बसलेले, सगळे त्यांना राणूबापू म्हणत होते. मुलगा दत्ता पुढे आला. पन्नाशीचा, अंगाने दणकट, बोलायला सावध. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इतकी वरीस झाली, आता ही आत्या कुठून उगवली, बाई?"

"शिर्डीहून," मी म्हटलं. माझं डोकं फिरलं होतं.

"तसं न्हाई. आजकाल बहिनींचा हिस्सा निघतो. आमी चार एकरावर जगनारी मानसं. उद्या तुमी वकील घेऊन आल्या म्हंजे?"

त्याचंही चूक म्हणवत नाही. मी रेकॉर्डमध्ये असताना सख्ख्या भावंडांना एकमेकांवर धावून जाताना बघितलंय, आणि हक्कसोडीच्या कागदावर सही करून रडत बाहेर पडलेल्या बहिणीही बघितल्यात. तरी मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात हौसाबाईच म्हणाल्या, "आन कागद. आंगठा देते. मला वावर नको." आणि लुगड्याचं सगळं त्याला सांगितलं, मला सांगितलं तसंच, काही न वाढवता.

मी राणूबापूंकडे बोट करून विचारलं, "यांना लहानपणी कुणी आबा म्हणायचं का?"

"न्हाई. बापूला सगळे राणूच म्हनायचे. आबा कोन?" दत्ता म्हणाला. आत स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्याची बायको पण नाही म्हणाली. झालं, म्हटलं, दुसऱ्यांदा तोंडघशी पडले.

तेव्हा खाटेवरून राणूबापू बोलले. तोवर त्यांना ऐकू येतंय की नाही, तेही आम्हाला कळलं नव्हतं. "म्हनायची एक बाई," ते म्हणाले. "ती मला टाकून गेली."

हौसाबाई उठल्या आणि खाटेजवळ जाऊन खाली बसल्या. "टाकून न्हाई गेली. नेऊ दिलं न्हाई तुला."

"मला सांगितलं, तिनं मागं वळून बी बघितलं न्हाई. चुलती म्हनायची, तुझ्या आईला नवं घर गोड लागलं. तिनं कधी इचारलं तरी का माझं?"

"इचारायची. राहात्याच्या बाजारात शेवगावकडचं मानूस दिसलं का हात धरून इचारायची, आमचा आबा केवढा झाला, आमचा आबा शाळंत जातो का. ते म्हनायचे, बाई, कोन आबा? नाव काय पोराचं? अन् हिला नाव घेता येईना. सासऱ्याचं नाव. ते घर सुटलं तरी तिनं घेतलं न्हाई. तशीच माघारी यायची. मी संग असायची, म्हनून सांगते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. एक शब्द तोंडातून काढला असता तर मुलगा कुशल आहे एवढं तरी त्या माउलीला कळलं असतं. पण तो शब्द काढणारी ती नव्हती आणि तिला काढ म्हणणारं कुणी नव्हतं. या रीतीचं मला तोवर कौतुकमिश्रित हसू यायचं, त्या दिवसापासून येत नाही.

राणूबापू खूप वेळ पंच्याच्या टोकाने तोंड पुसत बसले. मग दत्ताला म्हणाले, "कागद बिगद काय नको. तिचं नाव लावलंय कुटं, मग सोडायचं काय? चहा ठिवायला सांग." दत्ता आत गेला, पण जाताना माझ्याकडे बघितलं ते काही मायेने नव्हे.

पुढे हौसाबाई दोन-चार वेळा तिकडे जाऊन आल्या. राणूबापूंना प्रवास झेपत नव्हता. दत्ता हौसाबाईंना परतीच्या एसटीत बसवून द्यायचा, बोलायचा मात्र जेवढ्यास तेवढं. आणि मग एका हिवाळ्यात राणूबापूच गेले.

हौसाबाई माझ्याकडे आल्या. भाऊ गेल्याचं दुःख होतंच, पण दुसरी काळजीही लपत नव्हती. "आता ओ बाई? आबा हुता तवर ठीक हुतं. दत्ता काय माझं तोंड बघून मोठा झाला न्हाई. त्यो कशाला यील?"

आमचं काम नातं कागदावर लावून देण्याचं. ते निभावून देणारी कचेरी अजून निघालेली नाही. मी म्हटलं, येईल हो, आणि मलाच ते पटलं नाही.

पुढच्याच वर्षी लताचा पहाटे फोन आला की आई गेली. तिच्या आवाजावरून मला कळलं, ती दत्ताला फोन करायला घाबरत होती. मीच केला. त्याने ऐकलं, म्हणाला, "बघतो," आणि फोन ठेवला. 'बघतो' या शब्दाचा अर्थ सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. मी शिर्डीची गाडी धरली ती मनातल्या मनात दत्ताला शिव्या देतच.

पोचले तर तयारी झालेली. लताच्या दुकानातलीच फुलं. शेजारपाजारचे, बाजूचे दुकानदार, हौसाबाईंच्या नवऱ्याकडचे चार लोक. ऊन चढायला लागलं तशी माणसं घड्याळं बघू लागली. लताने मला आत नेऊन कपाट उघडून दाखवलं. तिने स्वतःच एक लुगडं आणून ठेवलं होतं. "मावशी, कुणी नाहीच आलं तर हे माहेरचं म्हणून द्याल का तुम्ही?" तिने विचारलं. मी आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती. मी हो म्हटलं आणि ते लुगडं काखेत धरून बाहेर येऊन उभी राहिले.

आणि त्यांच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलंच. "माहेरचं कोन हाय?"

लता खाली बघत होती. मी एक पाऊल पुढे टाकलं, काखेतलं लुगडं हातात घेतलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. दत्ता, त्याची बायको, आणखी दोघे-तिघे घाईघाईने उतरले. दत्ताच्या हातात पिशवी होती, शर्ट घामाने भिजलेला.

म्हाताऱ्याने त्याला ओळखलं नाही. पुन्हा विचारलं, "तुमी कोन?"

"मी भाचा. आमी माहेरची मानसं," दत्ता म्हणाला. "कापडाचं दुकान उघडायची वाट बघत बसलो, म्हनून येळ झाला."

त्याच्या बायकोने पिशवीतून लुगडं काढलं, घडी मोडली आणि हौसाबाईंच्या अंगावर घातलं. पदराला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. लताने ती नखाने हळूच काढली.